एकाची तार चारला

गॅरेजात त्याला सगळे भडका म्हणत. स्वभावावरून म्हणाल तर तसं काही नाही, इतका थंड माणूस त्या गॅरेजात दुसरा नव्हता. गिऱ्हाईक अंगावर ओरडत असलं तरी हा आपला पाना पुसत उभा, आणि ओरडणं संपलं की शांतपणे विचारणार, दुसऱ्या गियरला अडकतो की तिसऱ्या? मालक म्हणायचा, याच्या डोक्यावर देवाने बर्फाची लादी ठेवूनच पाठवलंय. पण नाव पडलं ते पडलंच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या हातून सख्ख्या थोरल्या भावाचा हात जळला, तेव्हापासूनचं ते नाव. ज्यांना गोष्ट माहीत होती ते जरा दबून म्हणायचे, ज्यांना माहीत नव्हती ते मोठ्याने. म्हणायचे मात्र सगळेच.

गियरबॉक्स, हायड्रॉलिक, ब्रेक, क्लच, काहीही सांगा, भडका करायचा आणि नीट करायचा. फक्त ठिणगीच्या कामाला हात लावायचा नाही. प्लग, पॉइंट, कॉईल, टायमिंग असलं काही आलं की हा दुसऱ्या मिस्त्रीला खूण करायचा आणि स्वतः कुठल्यातरी ट्रॅक्टरखाली जाऊन आडवा व्हायचा. ‘आगीचं काम मी करत नाही,’ एवढंच सांगायचा. आता एकसष्ट पूर्ण झाली होती. गुडघे बसताना कुरकुरायचे आणि उठताना भांडायचे. महिन्याभराने गॅरेज सोडायचं ठरलं होतं. सोडून काय करणार, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, झोपणार. ती हसली, पण तो थट्टा करत नव्हता. खरंच दमला होता बिचारा.

अशा माणसाला मंगळवारी सकाळी पुतणीचा फोन आला. म्हणजे त्याच थोरल्या भावाची मुलगी. आई-बाबांना ती आता आपल्याकडे कायमची राहायला नेणार होती. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. राहिला होता तो शेडमधला जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर. तो तंत्रशाळेला द्यायचा ठरलं होतं, मुलांना खोलून-जोडून शिकायला बरा. पण तिथल्या मास्तरांची एक अट होती. ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर फळी चढून ट्रकमध्ये गेला पाहिजे. ढकलून आणलेलं लोखंड आमच्याकडे भरपूर पडलंय, असं मास्तरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ट्रक उद्या चार वाजता येणार. त्यांनी घेतला नाही तर परवा भंगारवाला. आणि ट्रॅक्टर चार दिवस झाले सुरूच होत नव्हता. हँडल मारलं की नुसते बार काढायचा, बंदुकीसारखे, आणि कार्ब्युरेटरमधून जाळ बाहेर यायचा. तिच्या नवऱ्याच्या भुवया गेल्या होत्या.

हे सगळं भडक्याने हूं हूं करत ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "काका, बाबांनीच तुम्हाला बोलवायला सांगितलंय."

त्याने विचारलं, कोणी सांगितलं? ती म्हणाली, बाबांनी. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, अहो बाबांनी, तुमच्या दादांनी. बोलणं संपल्यावरही तो फोन हातात धरून उभा होता.

कारण दादाने दवाखान्याच्या खाटेवरून, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या असताना, सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं की याचा हात परत माझ्या यंत्राला लागता कामा नये. आणि लागला नाही. तोवर दोघा भावांचं वर्कशॉप एकच होतं, ते सोडून धाकटा दुसऱ्या गावी नोकरीला लागला. त्यानंतर भाऊ-भाऊ भेटले ते एका लग्नात आणि तीन मयतांना. भेटले म्हणजे काय, एका मांडवाखाली होते.

आता ती सकाळ सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या ट्रॅक्टरच्या चोकची तार तुटलेली होती आणि दादाने ती कधी बसवली नाही. दुनियेचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, स्वतःच्या ट्रॅक्टरला चोक नाही. तो तळव्याने चोक द्यायचा. हवेचा पाइप काढायचा, कार्ब्युरेटरच्या तोंडावर उजवा तळवा दाबून धरायचा, पुढून दुसऱ्याने हँडल मारायचं. इंजिनाने श्वास घेतला की तळव्याला ओढ लागते, पेट्रोल वर येतं, की लगेच हात काढायचा. हजार वेळा केलेलं. त्या दिवशी धाकट्याने प्लगच्या जुन्या तारा काढून नवीन घातल्या होत्या. ठिणगी चारही प्लगना वाटून देतो तो डिस्ट्रिब्युटर, त्याच्या झाकणावर एक नंबरची खूण असते, तिथून क्रमाने एक, तीन, चार, दोन. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. दादाने तळवा धरला, धाकट्याने हँडल मारलं, आणि इंजिनाने श्वास घेण्याऐवजी जाळ ओकला. पेट्रोलने ओला तळवा, ओली बाही. बाकी काय सांगायचं. तीन बोटं आखडली ती आखडलीच. बारीक कामात त्या हाताची बरोबरी करणारा मिस्त्री आसपास नव्हता, आणि त्या हाताला पुढे साधी सुई धरवेना.

तारा उलट्या लावल्या याने, असं दादा म्हणाला आणि सगळ्यांनी ते ऐकलं. धाकट्यानेही ऐकलं, मानलं, खाटेजवळ उभा राहून चुकलो म्हणाला. तारा बदलायची रीत अशी की एक जुनी काढायची, तिच्या जागी एक नवी घालायची. याने चारही जुन्या एका मुठीत उपटून टाकल्या होत्या, आधी कुठली कुठे होती ते बघितलंही नव्हतं. मग खुणेवरून लावताना आपण नक्की काय केलं? तो आठवायचा तेव्हा त्याला स्वतःची बोटं बरोबर तारा लावताना दिसायची. आणि मग दादाचा हात दिसायचा, की बोटांवरचा विश्वास उडायचा.

फक्त एका माणसाने ते कधी मानलं नाही, त्याच्या बायकोने. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, तुमच्या हातून तारा उलट्या लागायच्याच नाहीत, दुसरंच काहीतरी असणार. त्यावर त्याने ताट ढकललं होतं. माझ्या भावाचा हात गेलाय आणि तू माझी वकिली करतेस? सगळ्या संसारात तिच्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदाच. पुढे लोक तिलाही भडक्याची बायको म्हणायला लागले. दुकानात म्हणायचे, बसमध्ये म्हणायचे. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. त्या मंगळवारी त्याने फोनचं सांगितलं तेव्हाही नाही. चष्म्याच्या काचा पुसून चष्मा त्याच्या खिशात घातला, एवढंच.

बुधवारी सकाळी दहाच्या बसने तो उतरला. घर तेच, पण आतून बोडकं झालेलं. भिंतींवर फोटोंचे पांढरे चौकोन, दारात खोकी बांधून ठेवलेली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, ‘या भाऊजी’ म्हणाली आणि पुढे काय बोलावं ते न सुचून तांब्या पुढे करून उभी राहिली. दादा कुठे आहे ते त्याने विचारलं नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून खुर्चीचा पाय आणि चपला दिसत होत्या.

शेड पत्र्याची. ट्रॅक्टर होता तिथेच, होता तसाच, फक्त दोघांचंही वय झालेलं. जावई आधीच तिथे उभा होता, भुवयांशिवाय, त्यामुळे सारखा चकित झाल्यासारखा दिसत होता. माणूस चांगला, उत्साही, कचेरीत काम करणारा. सुट्टी काढून गेले आठ दिवस तो ट्रॅक्टर घासून-पुसून चकाचक करत होता. भडक्याने विचारलं, आधी सुरू होत होता का? हो, एका हँडलात. मग तुम्ही काय काय केलंत? तेव्हा जावयाने बोटं मोजली. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट घासले, प्लग नवे, तारा नव्या.

तारा म्हटल्याबरोबर भडक्याने मान वर केली. कशा लावल्या, असं त्याने विचारलं. जावई अभिमानाने म्हणाला की एकदम पुस्तकाप्रमाणे. जुन्या तर पार उलट्याच लागलेल्या होत्या काका, आणि त्यांच्यावर चिकटपट्टीचे किती थर, मोजता येऊ नयेत. सासरेबुवा कुणाला बदलूच देत नव्हते म्हणे. मी खुणेवरून सरळ लावून टाकल्या.

भडक्याने पिशवी उतरवली, सतरंजीचा तुकडा घातला आणि गुडघ्यांची बोलणी खात खाली बसला. एवढं ऐकल्यावर कुणालाही शंका आली असती. त्यालाही आली असेल, पण अठ्ठावीस वर्षं ज्या गोष्टीला माणसाने ‘माझी चूक’ म्हणून उशाशी घेतलंय, तिच्याबद्दल शंका यायलाही वेळ लागतो. शिवाय इतक्या वर्षांनी ठिणगीच्या कामाला हात लावत होता. त्याने आधी उगाचच पाने रांगेत मांडले.

मग सुरुवातीपासून धरलं. एक प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, जावयाला हँडल मारायला सांगितलं. ठिणगी निळी, ठणठणीत. पॉइंटमधली फट गेजने मोजली. चष्मा नाकावर असूनही आकडा दिसेना म्हणून जावयाकडून वाचून घेतला. फट बरोबर. पेट्रोल स्वच्छ. कॉईल बरी. या सगळ्याला बारा वाजले. पाठ मोडून आली होती. जावई दर दहा मिनिटांनी विचारत होता, काका, कळलं का? आणि भडका म्हणत होता, कळेल.

शेवटी ते करायची वेळ आली जे त्या सकाळी करायला हवं होतं आणि दोघाही भावांनी केलं नव्हतं. त्याने एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला आणि जावयाला म्हणाला, हळूहळू फिरवा, मी थांब म्हणेन तेव्हा थांबा. हँडल फिरलं. आतून हवेने अंगठ्याला ढकललं. पिस्टन दाबून वर येतोय. फ्लायव्हीलवरची, म्हणजे मागच्या जड चाकावरची, खूण जागेवर आली. थांबा. आता डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं. आत एक छोटा काटा फिरतो, घड्याळाच्या काट्यासारखा. पहिला पिस्टन असा वर आला की त्या काट्याने एक नंबरच्या तारेकडे बघायला हवं.

काटा चार नंबरकडे बघत होता. बरोबर उलटा, अर्ध्या फेऱ्याने.

भडक्याने चष्मा काढून पुसला. परत बघितलं. याचा अर्थ सरळ होता. काटा ज्याच्यावर बसतो तो खालचा दांडाच इंजिनात अर्धा फेरा उलटा बसलेला होता. दांडा उलटा म्हटल्यावर खुणेवरून लावलेल्या सरळ तारा चुकणारच. ठिणगी पडायची तेव्हा झडपा उघड्या, जाळ निघायचा कार्ब्युरेटरच्या तोंडातून. तो जावयाला म्हणाला, तुम्ही हा दांडा काढला होता का? जावई म्हणाला, कुठला दांडा? इतकं खरं उत्तर दुसरं नसतं.

मग त्याने डिस्ट्रिब्युटरचं बूड चिंधीने पुसलं. दांडा काढायचा तर तिथले दोन बोल्ट सोडवावे लागतात. बोल्टांच्या डोक्यांवर, फटींवर, सगळ्यावरून एकसंध हिरवा रंग होता. कुठेही फुटलेला नाही, पाना लागल्याची खूण नाही. तो रंग त्याला चांगला आठवत होता. जळण्याच्या आदल्या थंडीत दादाने आख्खं इंजिन उतरवून पुन्हा भरलं होतं, एकट्याने, कुणाला हात लावू न देता, आणि वरून हा हिरवा रंग मारला होता. त्यानंतर तो दांडा कुणीच बाहेर काढला नव्हता. म्हणजे दांडा उलटा बसला तो दादाच्या हातून. धाकट्याने नवीन तारा लावल्या तेव्हा तो आधीच उलटा होता.

म्हणजे तारा बरोबर होत्या.

हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि तो तसाच बसून राहिला. आनंद वगैरे काही झाला नाही. हातातली चिंधी खाली पडली. जावयाला वाटलं काकांना चक्कर येतेय. तो पाणी आणायला पळाला.

पावलं वाजली ती जावयाची नव्हती. दादा शेडच्या दारात उभा होता. त्र्याहत्तर वर्षांचा, वाळलेला, आखडलेला हात नेहमीसारखा सदऱ्याच्या खिशात. त्याने उघड्या झाकणाकडे बघितलं, पुसलेल्या बोल्टांकडे बघितलं. भावाकडे बघितलं नाही.

"एकाची तार चारला लाव," तो म्हणाला. "दोनाची तीनला. पाच मिनिटांत सुरू होईल."

भडक्याला आधी ते नुसतं कामाचं बोलणं वाटलं. मग त्याचा अर्थ कळला आणि कानशिलं तापली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दवाखान्यातून आलो, त्याच आठवड्यात."

मग दादा थांबत थांबत बोलला. डाव्या हाताने प्लग काढून, भोकात कागदाचा बोळा कोंबून, हँडल फिरवून त्याने बघितलं होतं. काटा चारकडे. तेव्हा त्याला आठवलं की त्या थंडीत इंजिन भरलं त्या दिवशी तो फार दमला होता. दांडा बसवला, इंजिन सुरू होईना, तेव्हा सगळं परत खोलायचा कंटाळा करून त्याने ताराच इकडच्या तिकडे फिरवल्या होत्या. सुरू झालं. नंतर सावकाश दांडा सरळ करू म्हणाला आणि विसरून गेला. जळाल्यावर आठवलं, पण तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं आणि धाकट्याने मानूनही झालं होतं. डाव्या हाताने तारा पुन्हा फिरवून घेतल्या आणि त्यानंतर त्या कुणाला बदलू दिल्या नाहीत. तुटली की चिकटपट्टी, तुटली की चिकटपट्टी.

"हात बरा झाला की सांगू म्हटलं," दादा म्हणाला. "हात बरा झालाच नाही."

नावाप्रमाणे भडकायची आयुष्यात ही एकच वेळ आली होती आणि अंगात त्राण नव्हतं. राग आला नाही असं नाही. आला, चांगला आला. वर्कशॉपच्या दारावर दोघांची नावं होती ती डोळ्यापुढे आली. मोठ्या कारखान्यात इंजिनांच्या विभागात बोलावलं होतं आणि ठिणगीचं काम म्हणून आपण पाठ फिरवली, तेही आठवलं. बसमध्ये कुणीतरी ‘भडक्याची बायको’ म्हटल्यावर खिडकीबाहेर बघणारी बायको आठवली. दादा आत्ता समोर उभा होता, पाना हाताशी होता. पण ज्याच्यावर ओरडायचं तो इतका वाळलेला, आणि ओरडायचं ते इतकं जुनं. त्याला वाटलं, हे पंधरा वर्षांपूर्वी तरी सांगायचं होतंस. पंधरा वर्षांपूर्वी मी तुला सोडलं नसतं.

तो एवढंच म्हणाला, "मग मला कशाला बोलावलंस? जावयाला सांगितलं असतंस, झालं असतं पाच मिनिटांत."

दादा एक पाऊल शेडमध्ये आला. मग म्हणाला, "तू झाकण उघडशील म्हणून."

मोठा माणूस, मोठा मिस्त्री, आणि तोंडाने सांगणं जमेना म्हणून त्याने ट्रॅक्टरकरवी सांगितलं. हे कळल्यावर भडक्याला हसू यायला हवं होतं की रडू, कुणास ठाऊक. दोन्ही आलं नाही. त्याने वाकून चिंधी उचलली.

तारा फिरवणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. दांडा काढून सरळ करणार. दादा म्हणाला, चार वाजता ट्रक येतोय, एवढं काम होणार आहे का? भडका म्हणाला, न होऊ दे. उद्या तिथे कुणीतरी नवीन तारा आणणार आणि खुणेवरून लावणार. कुणीतरी तळवा धरणार. मग काय, आणखी एक भडका? दादाने मान खाली घातली. मग खिशातून तो आखडलेला हात काढला आणि म्हणाला, बत्ती कुठाय?

पुढचे तीन तास दोघांनी मिळून काम केलं, म्हणजे भडक्याने केलं आणि दादाने बत्ती धरली. जावई पाणी घेऊन आला तो शेडच्या दारातच थबकला आणि शहाणा म्हणून परत गेला. हिरवा रंग फोडून बोल्ट सुटले. डिस्ट्रिब्युटर निघाला. दांडा मात्र हट्टाला पेटला. लांब बोल्ट त्याच्या डोक्यात फिरवून ओढला तर जागचा हलेना. तेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा ओढला. दोनदा भडक्याने हात टेकले. राहू दे, फिरवू तारा, असं तोंडापर्यंत आलं होतं. दादाने नुसती बत्ती जवळ आणली. अडीच वाजता दांडा आला. मग बसवायचा. खाली उतरताना दातांवरून घसरत तो थोडा फिरतो, म्हणून फिरण्याएवढं आधीच मागे धरावं लागतं. पहिल्यांदा जास्त फिरला, दुसऱ्यांदा कमी. भडक्याच्या कपाळावरून घाम चष्म्यात गेला. दादा आपल्या बाहीने त्याची काच पुसत म्हणाला, एक दात मागे घे. घेतला. बसला.

काटा एककडे बघत होता. जावयाने लावलेल्या तारांना हातही लावावा लागला नाही.

पावणेचारला सगळे शेडपाशी जमले. पुतणी, वहिनी, जावई. तंत्रशाळेचा ट्रक लवकरच येऊन अंगणात उभा होता आणि मास्तर घड्याळाकडे बघत होते. भडका हँडल घेऊन पुढे गेला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून त्याने मूठ धरली, उलटा झटका आला तर मनगट वाचावं म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की चोकची तार अजूनही तुटकीच आहे. जावयाने नकळत एक पाऊल मागे घेतलं. भुवया गेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार.

दादा बाजूने आला. हवेचा पाइप त्याने डाव्या हाताने काढला आणि उजवा, आखडलेल्या बोटांचा तळवा कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवला. तो नीट बसेना. त्याने डाव्या हाताने तो दाबून धरला. वहिनीच्या तोंडून ‘अहो’ निघालं. तिच्याकडे न बघता दादा भावाला म्हणाला, "मार."

भडक्याला मारवेना. त्याने हँडल सोडलं, झाकण उघडलं, काटा पुन्हा बघितला. झाकण लावलं. तारा पुन्हा मोजल्या, एक, तीन, चार, दोन. परत पुढे आला आणि परत मागे जाऊन खूण बघून आला. मास्तर खाकरले. दादा तळवा न हलवता उभा होता. कंबर वाकली होती, पण तळवा हलत नव्हता.

त्याने मारलं. इंजिनाने श्वास घेतला, ओढला, दादाने हात काढला, आणि ट्रॅक्टर सुरू झाला. बार नाही, जाळ नाही. फट-फट-फट, हळूहळू एकसारखं. दादाने ओला तळवा वर करून बघितला आणि भावाला दाखवला. मग खिशात न घालता तसाच बाहेर ठेवला.

जावयाने ट्रॅक्टर फळीवरून ट्रकमध्ये चढवला. मास्तर खूश झाले. मुलांना सांगायला हवं म्हणून त्यांनी वही काढून विचारलं, बिघाड नेमका काय होता? भडका म्हणाला, काही नाही हो, तारांचं जरा... दादाने त्याला मध्येच तोडलं.

"दांडा मी उलटा बसवला होता," तो म्हणाला. मास्तरांना म्हणाला, पण आवाज वहिनीपर्यंत जाईल एवढा मोठा होता. "अठ्ठावीस वर्षांपूर्वी. याच्या तारा बरोबर होत्या. तेव्हाही."

मास्तरांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. बाकीचं त्यांच्या कामाचं नव्हतं. वहिनी मात्र नवऱ्याकडे बघत राहिली, मग दिराकडे, आणि पदर तोंडाला लावून घरात गेली. ट्रक निघून गेला. शेडमध्ये ट्रॅक्टर होता तिथे तेलाचा काळा डाग तेवढा राहिला.

भडका पायरीवर बसला. मोकळं मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं, तसं काही वाटेना. एखादं ओझं इतकी वर्षं डोक्यावर घेतल्यावर मान वाकडीच होते, ते उतरवलं म्हणून लगेच सरळ होत नाही. त्याला फक्त दमल्यासारखं झालं होतं, हाडापर्यंत. दादा शेजारी येऊन बसला. म्हणाला, बस किती वाजताची? भडका म्हणाला, पाच चाळीसची. त्याच्यानंतर? सातची. दादा म्हणाला, सातच्याने जा. आतून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता.

उशीर होणार म्हणून त्याने घरी फोन लावला. सातच्या बसने निघतो म्हणाला. बायकोने विचारलं, का, सुरू नाही झाला? झाला म्हणाला. मग उशीर कशाला? त्याने घसा साफ केला. दादा शेजारीच होता, ऐकत होता.

"अगं," तो म्हणाला, "तारा बरोबर होत्या."

पलीकडून काही आवाज आला नाही. इतका वेळ आला नाही की फोन कट झाला की काय म्हणून त्याने कानावरून काढून बघितला. मग परत कानाला लावला.

"मी तेव्हाच सांगत होते तुम्हाला," ती म्हणाली, आणि तिला पुढे बोलता येईना.